हार आणि धोंडे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १४:८–२०, २८:१–६



लुस्त्र नगरात जन्मापासून पांगळा असलेला एक मनुष्य पौलाचे बोलणे ऐकत बसला होता. पौलाने त्याला पायांवर नीट उभे राहण्यास सांगितले, आणि तो उडी मारून उठला व चालू लागला. लोकांनी हे पाहिले तेव्हा ते आपल्या बोलीत ओरडू लागले, की देव मनुष्यरूपाने आमच्याकडे उतरले आहेत. वेशीजवळच्या देवळाचा पुजारी बैल आणि फुलांचे हार घेऊन आला. पौल आणि बर्णबा ह्यांनी आपली वस्त्रे फाडली, ते गर्दीत शिरले आणि त्यांनी कळवळून सांगितले, की अहो, आम्हीही तुमच्यासारखी माणसेच आहोत. एवढे सांगूनही लोकांना आवरणे कठीण गेले. पुढे बाहेरगावाहून विरोधक आले व त्यांनी लोकांची मने फिरवली. जेथे हार आले होते तेथेच धोंडे आले. पौलाला मेला असे समजून ओढत नगराबाहेर टाकण्यात आले.

आता दुसरी गोष्ट पाहा. गलबत फुटून पौल व त्याचे सोबती मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टावर लागले. पाऊस व थंडी होती. पौलाने काटक्या गोळा करून शेकोटीत टाकल्या, तेव्हा धगीने एक विषारी साप निघाला व त्याच्या हाताला लटकला. बेटावरच्या लोकांनी लगेच ठरवले, की हा मनुष्य खुनी असला पाहिजे. समुद्रातून वाचला, पण दैवाने त्याला सोडले नाही. तो सुजेल, मरून पडेल म्हणून ते वाट पाहत राहिले. काही झाले नाही असे दिसताच त्यांनी आपले मत बदलले आणि म्हटले, की हा देव आहे.

ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्या. लुस्त्रात जो देव ठरला, त्याच्यावर धोंडे पडले. मिलितात जो खुनी ठरला, तो घटकाभरात देव झाला. पौल दोन्हीकडे तोच होता. त्याने लुस्त्रकरांना आपण काय आहोत हे स्पष्ट सांगितले होते, पण आपण माणूस आहोत हे त्याचे म्हणणे ऐकण्याची त्या गर्दीची तयारी नव्हती.

आज आपण कोणापुढे बैल आणीत नाही. हार मात्र आणतो. आजच्या काळात खेळाडूंच्या गळ्यात जेवढे हार पडतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणाच्या पडत असतील. आणि त्याच खेळाडूने उत्तेजक द्रव्य घेतले असा आरोप एके सकाळी वर्तमानपत्रात आला, म्हणजे लुस्त्र आणि मिलिता ही दोन्ही गावे आपल्या घरात येऊन बसतात.

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर संध्याकाळी चहाला थांबलेल्या लोकांचे बोलणे ऐकावे. त्यात खेळाचा विषय हमखास निघतो. ज्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव ह्या रस्त्याला आहे, ते १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. हा धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. त्यामुळे येथे मराठी आणि कन्नड घरे एकमेकांना लागून आहेत, आणि येथल्या मराठी माणसाला अभिमान बाळगायला दोन राज्यांचे खेळाडू मिळतात. कर्नाटकाची धावपटू त्याची, आणि महाराष्ट्र केसरीही त्याचाच. म्हणून दुःखही त्याला दोन्हीकडून मिळते.

उडुपी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरची अश्विनी अक्कुंजी २०१० साली साऱ्या कर्नाटकाची लाडकी झाली. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिच्या संघाने ४×४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत तिने ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत व रिलेत, अशी दोन सुवर्णपदके आणली. पुढच्याच वर्षी, जुलै २०११ मध्ये, तिच्या व तिच्या सोबतिणींच्या नमुन्यांत स्टेरॉइड सापडल्याची बातमी आली. प्रशिक्षकाने आणून दिलेल्या पूरक आहारातून ते गेले असे मुलींचे म्हणणे होते. परदेशी प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले. भारतातील चौकशी मंडळाने सहा धावपटूंना एक वर्षाची बंदी घातली. जुलै २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली.

नरसिंग यादव मुंबईत वाढलेला मल्ल. २०११, २०१२ व २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे तो महाराष्ट्र केसरी होता. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकची जागा देशाला मिळवून दिली. त्या जागेवर कोणी जावे ह्यावरून त्याच्यात आणि सुशीलकुमारमध्ये वाद झाला, तो दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कुस्तीच्या शौकिनांत दोन तट पडले. २४ जुलै २०१६ च्या सुमारास बातमी फुटली, की नरसिंग उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळला. त्याने सांगितले, की माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवले. १ ऑगस्टला भारतातील मंडळाने त्याचे म्हणणे मानून त्याला मोकळे केले. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओ येथे लवादाने कटाचा खरा पुरावा नाही असे म्हणून चार वर्षांची बंदी घातली. नरसिंगने आपण निर्दोष आहोत हे म्हणणे सोडले नाही.

पंचवीस दिवसांत एकाच माणसाला लोकांनी चोर म्हटले, हुतात्मा म्हटले, आणि पुन्हा चोर म्हटले. आपण येथे त्याचा खटला पुन्हा चालवायचा नाही. ते आपले काम नव्हे. आपण फक्त बघणाऱ्यांकडे पाहू, कारण बघणाऱ्यांत आपण आहोत. त्या वादात जे आधीपासून नरसिंगच्या बाजूचे होते, त्यांना कट आहे असे लगेच पटले. जे दुसऱ्या बाजूचे होते, त्यांना तो दोषी आहे हेही तितक्याच लगेच पटले. चाचणीचा कागद दोन्ही तटांपैकी फारच थोड्यांनी वाचला असेल.

हे आपल्याच देशाचे वैगुण्य आहे असे समजू नये. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडील क्रिकेटसारखा घरोघरी प्रिय आहे. तेथील बॅरी बाँड्स ह्याने ७ ऑगस्ट २००७ रोजी ७५६ वा होमरन मारून जुना विक्रम मोडला. होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखाच मोठा फटका. त्याच्यावर स्टेरॉइड घेतल्याचा आरोप होता. आपण जाणूनबुजून काही घेतल्याचे त्याने कधी कबूल केले नाही. त्याच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर लोक उभे राहून टाळ्या वाजवीत. परगावी त्याची हुर्यो होई. २००६ साली सॅन दिएगो येथे तर प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने एक खेळण्यातली सिरिंज फेकण्यात आली. विक्रमाचा तो चेंडू एकाने साडेसात लाखांहून अधिक डॉलरांना विकत घेतला, त्याचे काय करावे ह्यावर लोकांची मते मागवली, आणि सर्वाधिक मते पडली त्याप्रमाणे चेंडूवर संशयाची फुली म्हणून एक चांदणी उमटवून तो संग्रहालयाला दिला. खेळाडू एक, आरोप एक. परंतु न्याय मात्र गावागणिक निराळा.

मग देवाच्या लोकांनी अशा वेळी कसे वागावे? मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, पूर्ण ऐकावे. ऐकून घेण्यापूर्वी जो उत्तर देतो तो मूर्ख ठरतो, आणि पहिल्याने बोलणारा खरा वाटतो पण दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, असा बोध नीतिसूत्रे १८ ह्या अध्यायात आहे. निकदेमानेही महासभेत एवढेच विचारले, की मनुष्याचे ऐकल्यावाचून व तो काय करतो हे कळल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? (योहान ७:५१). ‘उत्तेजक’ ह्या एका शब्दाखाली कितीतरी निरनिराळ्या गोष्टी येतात. अश्विनी आणि नरसिंग ह्यांच्या गोष्टी आपण पाहिल्या. विरारचा पृथ्वी शॉ ह्याने २०१८ साली वयाच्या अठराव्या वर्षी पहिल्याच कसोटीत शतक केले. पुढच्या वर्षी त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. हे द्रव्य खोकल्याच्या औषधांत असते. त्याने ते न कळत घेतले हे क्रिकेट मंडळाने मानले व त्याला आठ महिन्यांची बंदी घातली. न कळत घेतले तरी बंदी का, असे कोणी विचारील. ह्या खेळांचा नियमच असा आहे, की आपल्या शरीरात काय जाते ह्याला खेळाडू स्वतः जबाबदार. नमुना दोन बाटल्यांत सीलबंद करतात. एकीत दोष निघाला तर दुसरी तपासून घेण्याचा त्याला हक्क असतो. आणि मग ते द्रव्य कसे आले हे पटवून देण्याचा भार त्याच्यावर येतो. एवढे समजून घेतले तरी आपल्या तोंडून येणारे निम्मे शब्द येणार नाहीत.

दुसरी गोष्ट, वजन एकच ठेवावे. अनुवाद २५:१३ मध्ये देवाने आपल्या लोकांना पिशवीत दोन प्रकारची वजने, एक जड व एक हलके, ठेवण्यास मना केले आहे. बाजारात जाणाऱ्याला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. घेताना एक वजन, देताना दुसरे. आपला खेळाडू सापडला तर कट, मत्सर, प्रयोगशाळेची चूक. परका सापडला तर, आम्ही म्हणतच होतो. ह्यावर एक सोपा उपाय आहे. बातमी वाचल्यावर त्या नावाच्या जागी आपल्याला न आवडणाऱ्या खेळाडूचे नाव घालावे आणि स्वतःला विचारावे, की मी आता जे बोलणार आहे तेच तेव्हा बोललो असतो का? नसेन, तर पिशवीत दोन वजने आहेत असे समजावे.

ख्रिस्ती माणसाला ही कसोटी अधिक अवघड जाते, जेव्हा पडणारा आपल्या विश्वासाचा असतो. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कप्तान हॅन्सी क्रोनिए हा उघडपणे ख्रिस्ती म्हणून ओळखला जाई. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी त्याच्यावर आरोप ठेवला. तो आरोप औषधाचा नव्हता, सट्टेवाल्यांशी केलेल्या व्यवहाराचा होता. पण चाहत्यांचा अनुभव तोच. असा सज्जन, देवभीरू माणूस हे करील हे त्याच्या देशात कोणाला खरे वाटेना. त्यानेही प्रथम नाकारले. चारच दिवसांनी आपण प्रामाणिक राहिलो नाही हे त्याने सांगितले, आणि जूनमध्ये चौकशी आयोगापुढे पैसे घेतल्याची कबुली दिली. त्याच्यावर कायमची बंदी आली. १ जून २००२ रोजी विमान अपघातात तो वारला. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. त्याच्या विश्वासाचे प्रेम असणाऱ्यांनी खरे बोलणाऱ्या पोलिसांना चार दिवस खोटे ठरवले, हे आपण विसरू नये. ‘तो आपला आहे’ हा निर्दोषपणाचा पुरावा होत नाही.

तिसरी गोष्ट, सत्य बाहेर आले म्हणजे ते मानावे, आणि मानल्यावरही माणसाला टाकू नये. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र करणे फार थोड्यांना साधते. काहींना वाटते, की प्रीती म्हणजे दोष झाकणे. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात शिकवतो, की प्रीतीला अन्यायात नव्हे तर सत्यात आनंद वाटतो. शर्यतीत ज्याने काही घेतले नाही आणि जो चौथा आला, त्याचाही विचार कोणी करावयाचा? त्याचे पदक गेले, त्याची नोकरी गेली, त्याच्या आईने दारात रांगोळी काढली नाही. आपण आपल्या लाडक्याचा दोष नाकारतो तेव्हा ह्या अनोळखी माणसाचे दुसऱ्यांदा नुकसान करतो.

उलट काहींना वाटते, की सत्य मानणे म्हणजे धोंडे उचलणे. गलतीकरांस ६:१ मध्ये पडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा असे सांगितले आहे. पौलाला हे शिकण्यास वेळ लागला. योहान मार्क मध्येच सोडून गेला म्हणून पौलाने त्याला पुन्हा बरोबर घेण्याचे नाकारले आणि त्यावरून त्याचे व बर्णबाचे तीव्र भांडण झाले. परंतु आयुष्याच्या अखेरीस तोच पौल तीमथ्याला लिहितो, की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. शिक्षा भोगून अश्विनी पुन्हा धावली. नरसिंग २०२० साली बंदी संपल्यावर बेलग्रेड येथे पुन्हा आखाड्यात उतरला. शिक्षेला शेवट असतो. आपल्या जिभेच्या शिक्षेला शेवट आहे काय?

बंधुभगिनींनो, हे सारे खेळाचे बोलणे वाटेल. पण मंडळीत काय घडते ते आठवून पाहा. एखाद्या पाळकसाहेबांवर, खजिनदारांवर किंवा तरुण संघाच्या पुढाऱ्यावर आरोप आला, म्हणजे रविवारी भक्ती संपल्यावर आवारात दोन घोळके उभे राहतात. एका घोळक्याला चौकशी नको असते, कारण त्यांचा मनुष्य चुकूच शकत नाही. दुसऱ्यालाही चौकशी नको असते, कारण त्यांचा निकाल झालेला असतो. तीमथ्याला पहिले पत्र ५:१९–२१ ह्या तीन वचनांत ह्या साऱ्याची व्यवस्था आहे. साक्षीदारांवाचून वडिलावर आरोप घेऊ नये. पाप सिद्ध झाले तर ते झाकू नये. आणि हे सर्व पक्षपात न करता करावे. साक्षीदारांची अट तक्रार करणाऱ्या दुबळ्याचे तोंड बंद करण्यासाठी कोणी वापरू नये. लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. ज्या विधवेने हिशेब विचारला, किंवा ज्या मुलाने भीत भीत काही सांगितले, ते त्या चौथ्या धावपटूसारखे आहेत. त्यांच्यासाठी कोणी घोळका करीत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी दोन शब्द. मुलांना खेळाडू आवडू द्यावे. त्यांच्या मेहनतीची, पहाटे उठण्याची, हरून पुन्हा उभे राहण्याची गोष्ट जरूर सांगावी. मात्र ‘तू त्याच्यासारखा हो’ असे सांगण्यापेक्षा त्याची ही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे असे सांगावे. एखाद्या मुलाचा आवडता खेळाडू दोषी ठरला आणि ते मूल हिरमुसले, तर त्याला हसू नये व ‘सगळे सारखेच’ असेही म्हणू नये. त्या मुलाचे प्रेम खरे होते. लुस्त्राची गोष्ट त्याला वाचायला द्यावी आणि विचारावे, की लोकांनी पौलाला माणूस मानले असते तर काय झाले असते? मोठ्या मुलांना आणखी एक सांगावे. व्यायामशाळेत कोणी ओळखीच्याने दिलेली पूड, गोळी वा इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. दिली कोणी हे नंतर सांगता येते, पण भोगावे आपल्याला लागते. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही शिकवण आखाड्यातही तेवढीच खरी आहे.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू. यरुशलेमेच्या वाटेवर त्याच्यासाठी डहाळ्या पसरल्या गेल्या आणि त्याच आठवड्यात त्याच्या मरणाची मागणी झाली. त्याच्यावरचा आरोप खोटा होता. त्याची कसलीही चाचणी घेतली तरी त्यात दोष निघणार नव्हता. आपला सगळा भरवसा ज्याच्यावर टाकावा असा तो एकटाच आहे. बाकी प्रत्येकावर, मग तो मल्ल असो, कप्तान असो की उपदेशक, आपण प्रीती करावी, त्याच्याकडून शिकावे, पण देवाच्या जागी त्याला बसवू नये. पौलाला ज्यांनी वेशीबाहेर टाकले, त्यांच्याच नगरात तो उठून परत गेला, आणि पुढे त्याच लुस्त्रात त्याला तीमथ्य मिळाला. धोंड्यांच्या गावातूनही देव सेवक उभे करतो.

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हाला माणसे दिलीस, आणि आम्ही कधी त्यांना फार उंच चढवले, कधी फार खाली टाकले. ऐकून घेण्याचा धीर आम्हाला दे. आमच्या पिशवीत एकच वजन राहू दे. सत्य कडू असले तरी ते मानण्याचे धैर्य दे, आणि जो पडला आहे त्याच्याजवळ जाण्यासाठी आमचे हात मोकळे ठेव. ज्यांचे नुकसान झाले आणि ज्यांचे नाव कोणी घेत नाही, त्यांची आठवण आम्हाला राहू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.